वैशाखात आटला तर तो झरा नव्हे

घटक चाचणीत मी प्रश्न घातला होता : झरा म्हणजे काय? गुण दोन. उत्तर फळ्यावरून वहीत उतरवून दिलेलं होतं. जमिनीखालचं पाणी आपोआप बाहेर येतं ती जागा, वगैरे. सातवीतल्या एका पोरानं मात्र लिहिलं : 'वैशाखात आटला तर तो झरा नव्हे. ती उपळ.' मी लाल पेनानं काट मारली, समोर शून्य घातलं आणि पुढचा पेपर ओढला.

मी मूळची बारामतीकडची, जिरायत पट्ट्यातली. आमच्याकडे झरा फक्त कवितेत असायचा. नोकरी लागली ती मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे ताम्हिणीच्या अंगाला, जिल्हा परिषदेच्या शाळेत. विषय विज्ञान आणि भूगोल. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. पहिल्याच पावसाळ्यात वर्गाच्या जोत्यातून, मागच्या बांधातून, रस्त्याच्या कापातून जिकडेतिकडे पाणी फुटायला लागलं, तेव्हा मी धावत जाऊन मुख्याध्यापकांना सांगितलं होतं की पाइपलाइन फुटलीय. ते हसले. "उपळ लागलीय बाई. गणपती होईस्तोवर वाहील, मग जाईल." म्हणजे शब्द मला ऐकून माहीत होता. पेपरात उत्तर म्हणून तो चालतो, एवढंच डोक्यात आलं नव्हतं.

त्या पोराचं घर धनगरवाड्यावर. वैशाखात त्यांच्या पाणवठ्यावर गेले तेव्हा माझ्या शून्याची मला लाज वाटली. कड्याच्या पोटाशी हातभर रुंदीची खोबण, तिला दगडाची पन्हळ लावलेली, पन्हळीखाली कळशी. बायका रांगेनं बसलेल्या. त्यातल्या एकीनं सहज सांगितलं, "होळीला हीच कळशी पान लावून खाईस्तोवर भरत होती. आता भाकरी थापून होते." मी हातातल्या घड्याळावर वेळ लावली. दहा लिटरची कळशी भरायला सात मिनिटं. पुढच्या वर्षी होळीला मुद्दाम जाऊन बघितलं, तर दोन मिनिटं. म्हणजे मिनिटाला पाच लिटरवरून दीड लिटरच्याही खाली.

भूजलशास्त्रज्ञ झरा मोजायला येतात तेव्हा काय करतात? ठरावीक मापाचं भांडं पन्हळीखाली धरतात आणि घड्याळ लावतात. पाणी महिन्यागणिक कसं कमी होत जातं याचा आलेख काढला की झऱ्यामागच्या खडकात साठवण किती आहे याचा अंदाज येतो. वेगानं उतरणारा आलेख म्हणजे खडकाचं पोट लहान. हळूहळू उतरणारा म्हणजे मोठं. 'वैशाखात आटला तर ती उपळ' या पाच शब्दांत तोच आलेख आहे. उपळ म्हणजे वरच्या माती-मुरमात मुरलेलं उथळ पाणी, पाऊस थांबला की महिना-दोन महिन्यांत संपणारं. झरा म्हणजे खडकातलं पाणी. पोरानं व्याख्या दिली होती, आणि ती माझ्या वहीतल्या व्याख्येपेक्षा नेमकी होती.

आता हे पाणी खडकात राहतं कसं, ते सांगायला हवं. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांचा डोंगर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि तापलेला रस पुन्हा पुन्हा बाहेर येऊन पसरत गेला. ताम्हिणीच्या घाटात गाडी थांबवून समोरच्या कड्याकडे बघितलं तर चपात्यांची चवड ठेवल्यासारखे थर दिसतात. पण सगळे थर सारखे नाहीत. एखाद्या थराचा गाभा घट्ट, काळा, सुरुंगालाही दाद न देणारा. त्याच थराच्या माथ्याला वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले, पुढे त्यांत पांढरी स्फटिकं भरलेली, खडक ठिसूळ, झिजलेला. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटेसारखा लाल पट्टा. पहिला रस थंड झाल्यावर त्याची झीज होऊन माती तयार झाली आणि नंतर आलेल्या रसानं ती भाजून काढली, तोच हा पट्टा.

विहीर खोदणाऱ्यांकडे या तिन्हींना नावं आहेत. काळा पाषाण, मांजऱ्या, गेरू. काळा पाषाण लागला आणि त्याला भेगा नसल्या की खोदणारे मान हलवतात. मांजऱ्या लागला की हुरूप येतो, कारण पाणी धरतो तो हाच. गेरू लागला की जपून, कारण तो पाणी खाली जाऊ देत नाही. पाणी त्याच्या माथ्यावरून आडवं सरकतं आणि विहिरीची कड ढासळते. डोंगराच्या उतारावर हाच गेरू उघडा पडला, की त्याच्या वरच्या अंगानं पाणी बाहेर येतं. धनगरवाड्याची पन्हळ बरोबर अशाच लाल पट्ट्यावर आहे. मी तिथं वर्षभर येत होते आणि तो पट्टा मला दिसला नव्हता. आज्ज्या चूल-भिंती सारवायला त्यातलीच तांबडी माती नेत होत्या.

या लाल मातीची एक गोष्ट मुलांना फार आवडते. दख्खनचा लाव्हा नेमका कधी वाहिला, डायनासोर संपले त्याच्या आधी की नंतर, हे भांडण जगभरच्या शास्त्रज्ञांमध्ये वर्षानुवर्षं चाललेलं आहे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटानं सह्याद्रीत हिंडून जे नमुने नेले, त्यांत हे लाल थर महत्त्वाचे होते. कारण त्यांत झिरकॉनचे बारीक कण सापडतात आणि त्या कणांतल्या युरेनियमचं शिसं किती झालं यावरून वय काढता येतं. आणि लाव्ह्याच्या थरसमूहांना जगभरच्या भूविज्ञानात जी नावं रूढ आहेत ती अशी : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. ही यादी मी वर्गात वाचते तेव्हा मुलं आधी हसतात. त्यांना वाटतं बाई एसटीच्या पाट्या वाचतायत.

पाठ्यपुस्तकाला मी दोष देणार नाही. त्यात बेसाल्ट आहे, सह्याद्रीही आहे. दोष आमचा, शिकवणाऱ्यांचा. मी पहिली काही वर्षं नमुन्यांच्या पेटीतला संगमरवराचा तुकडा वर्गात फिरवत होते आणि खिडकीबाहेरच्या कड्याकडे पाठ करून उभी राहत होते.

या भानगडीत मी एकटीच पडलेली नाही. अमेरिकेत अॅरिझोनामध्ये नावाहो लोकांचं स्वतःचं कॉलेज आहे, १९६८ साली सुरू झालेलं दिने कॉलेज. तिथं स्टीव्हन सेमकेन नावाचे भूविज्ञानाचे अध्यापक शिकवत होते. नावाहो मुलांना परक्या डोंगरांची उदाहरणं देण्याऐवजी त्यांच्याच पठारावरचे खडक, त्यांच्याच भाषेतली नावं, भूमी आणि आकाश यांच्या देवघेवीबद्दलची त्यांची समजूत यांच्या सोबतीनं भूविज्ञान शिकवावं, असा अभ्यासक्रम तिथं उभा राहिला. 'स्थानाधारित शिक्षण' हा आता रुळलेला शब्द आहे. ऐकायला जड, पण अर्थ एवढाच की पायाखालून सुरुवात करा. आपल्याकडे हे नवं आहे असंही नाही. याच पुणे जिल्ह्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेली पोरं तिथं हातानं काम करत शिकली, आणि त्या कामांत जमिनीला वीज देऊन खालच्या खडकात पाणी आहे का हे तपासण्याचं कामही होतं.

आणि आमच्या तालुक्यात तर उदाहरण शेजारीच आहे. कोळवण खोऱ्यात वाळकी नदीवर पुण्याच्या गोमुख ट्रस्टनं आणि 'अॅक्वाडॅम' या भूजल संस्थेनं काम केलं. अॅक्वाडॅम १९९८ ची, डॉ. हिमांशू कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. २००० नंतरच्या दशकात ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाबरोबर भारतात तीन ठिकाणी बंधाऱ्यांमुळे भूजलात किती भर पडते याचा अभ्यास झाला. एक गुजरातेत, एक तामिळनाडूत आणि तिसरं आमचं कोळवण. आमच्या भागाचा पेच असा की पाऊस अफाट, पण खडकाचं पोट लहान. ते जुलैतच भरतं. मग कितीही ओता, बाहेरच सांडणार. म्हणून बंधारा कुठे घालायचा हे नकाशावर रेघ मारून ठरत नाही, खडक बघून ठरतं. झऱ्याचंही तसंच. थर थोडेसे कललेले असतात, त्यामुळे या अंगाच्या झऱ्याला पाणी पुरवणारं रान कधी कधी डोंगराच्या पलीकडच्या अंगाला असतं. झऱ्याच्या डोक्यावर वृक्षारोपणाचा फोटो काढून उपयोग होईलच असं नाही.

मी वर्गात हळूहळू एक पद्धत बसवली. घरच्या माणसाकडून पावसाचा, पाण्याचा, दगडाचा एक शब्द आणायचा. तो फळ्यावर लिहायचा. मग तो कसा मोजता येईल ते ठरवायचं. बाटली कापून पर्जन्यमापक केला. झड, सर, रिपरिप, भुरभुर हे शब्द आले. मुलांनी रोजच्या आकड्यासमोर घरच्यांनी त्या दिवशीच्या पावसाला काय म्हटलं ते लिहायला सुरुवात केली. मला वाटलं होतं झड म्हणजे जास्त पाऊस. वही सांगायला लागली की झड हा जोराचा नव्हे, मुक्कामाचा शब्द आहे. एखाद्या सरीत तासाभरात जेवढं पडतं तेवढंच झडीत दिवसभरात पडलेलं असतं, पण झड चार-पाच दिवस हलत नाही. हा फरक पुढे येणाऱ्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवा.

आमच्या इथल्या पावसाचा अंदाज पुण्यात बसून येत नाही. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो. पश्चिमेला पन्नास-साठ किलोमीटरवर ताम्हिणीत हंगामाला सहा हजारांच्या पुढे. २०२४ च्या जुलैत, २५ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत तिथं ५५६ मिलिमीटर नोंदला गेला. पुण्याच्या वर्षभराच्या पावसातला तीन-चतुर्थांश, एका दिवसात.

एका कातकरी आज्जीनं खेकड्यांबद्दल सांगितलं ते इथंच सांगते, नाहीतर राहून जाईल. नातीला 'शब्द' हवा होता म्हणून ती स्वतःच शाळेत आली. म्हणाली, ओढा आटल्यावर खेकडा बीळ करून खाली खाली जातो, जिथवर ओल असते तिथवर. बिळात हात घातला की पाणी किती खाली गेलंय ते कळतं. "कोपरापर्यंत कोरडं लागलं, की ते साल अवघड." गोड्या पाण्यातले बीळ करणारे खेकडे उन्हाळ्यात ओलाव्याच्या पातळीपर्यंत उतरतात हे प्राणिशास्त्रही सांगतं. म्हणजे आज्जीचा हात हा निरीक्षण विहिरीतला टेप. फरक एवढाच की टेपला खेकडा चावत नाही. हे तिचंच वाक्य, हसत हसत म्हटलेलं.

पण जुनं ते सगळं खरं असं धरून चालणाऱ्यांतली मी नाही. पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून शिवार फिरतो, नारळ उभा राहिला की खाली पाणी. आमच्या पंचक्रोशीत अशा नारळांवर भरवसा ठेवून मारलेल्या कोरड्या बोअर पुष्कळ आहेत. गंमत अशी की जाणता पाणाड्या नारळ हातात घेण्याआधी ओढ्याकाठचा उंबर, वारूळ, हिरवा राहिलेला पट्टा बघून आलेला असतो. उंबर, वारूळ ही खूण जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूजलाच्या खुणांचा अख्खा अध्याय आहे. तेव्हा वर्गात आम्ही दोन्ही वेगळं करतो. उंबर वहीत राहतो, नारळाचं खोबरं होतं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर 'भारतीय ज्ञान परंपरा' हा शब्द प्रशिक्षणात वारंवार कानावर येतो. चांगलं आहे. पण त्या तासाला पडद्यावर बहुतेक वेळा ग्रंथ आणि श्लोक असतात. खेकड्याच्या बिळात हात घालणाऱ्या आज्जीचं नाव कुठल्याही ग्रंथात नाही. तिला ज्ञानी म्हणायचं ठरलं तर आपल्याला तिच्या वाडीवर जावं लागेल, आणि मग ती वाडी अजून सरकारी कागदावर का नाही, हेही ऐकून घ्यावं लागेल. मुळशीत जागेबद्दल शिकवायचं आणि जागा कुणाच्या गेल्या हे गाळायचं, असं चालत नाही. शाळेच्या सहलीत मुलं जे धरण बघतात, त्याच्या विरोधात १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे सत्याग्रहाला बसले होते. खोऱ्यातली भाताची खाचरं पाण्याखाली गेली. हे पाणी पूर्वेला पुण्याकडे वाहायचं. ते आता डोंगर पोखरून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरावर उतरतं. पाणलोट, उतार, ऊर्जा हे तीनही धडे या एका वाक्यात शिकवता येतात. खाचरांचाही धडा त्यातच येतो.

आता झड.

आमच्याकडे पावसाला नक्षत्रांवरून ओळखतात. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा. सूर्य पुष्य नक्षत्रात येतो साधारण २० जुलैला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या तारखेपर्यंत राहतो. एकदा दरडींचा पाठ घेताना आम्ही तारखा मांडल्या. आपल्याच जिल्ह्यातलं, आंबेगाव तालुक्यातलं माळीण, ३० जुलै २०१४. १५१ माणसं गेली, आणि बाहेर कळलं ते एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गाव दिसलं नाही म्हणून. महाड तालुक्यातलं तळिये, २२ जुलै २०२१. खालापूरची इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ ची रात्र. ताम्हिणीतला तो ५५६ चा दिवसही जुलैच्या शेवटच्या आठवड्यातला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, हा तर सगळा म्हाताराच."

ताऱ्यांचा दरडीशी संबंध नाही, हे मी लगेच सांगितलं. नक्षत्र म्हणजे सूर्याच्या वाटेवरचे मैलाचे दगड, तारीख सांगण्याची जुनी रीत. पण तारीख महत्त्वाची आहे. मृगापासून सहा आठवडे पाऊस पिऊन मुरूम आणि माती तोवर तुडुंब झालेली असते. खालचा काळा पाषाण किंवा गेरू पाणी पुढे जाऊ देत नाही. पाणी सांध्यावर साचतं, मातीचं वजन वाढतं, कणांमधली पकड सुटते. त्यावर चार दिवसांची झड, आणि झडीत एखादी जोराची सर. माळीणनंतर तिथं यंत्रानं केलेल्या सपाटीकरणावरही चर्चा झाली. त्या भागात डोंगरउतारावर भातखाचरं करण्याला पडकई म्हणतात. ती पूर्वी माणसांनी एकमेकांच्या हातानं, दगड रचत, वर्षानुवर्षं केलेली असायची. कारण एकच नव्हतं. पाऊस होता, उतार होता, मातीचा जाड थर होता.

तो शून्य गुणांचा मुलगा आता तिशीकडे झुकलाय. हिंजवडीला, म्हणजे आमच्याच तालुक्यात, पोकलेन चालवतो. टेकडी कापताना लाल पट्टा लागला की कधीमधी फोटो पाठवतो : 'बाई, गेरू. पावसात इथून सुटणार.' साइटवर त्याचं मत कुणी विचारत नाही.

शाळेच्या भिंतीवर आम्ही दरडीच्या खुणा लिहिल्या आहेत. अर्ध्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या, अर्ध्या भूवैज्ञानिकांच्या पत्रकातल्या. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर जवळजवळ एकच निघाल्या. घर डोंगराच्या पायथ्याला असेल तर तुम्हीही वाचून ठेवा. बारमाही झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, किंवा भर पावसात बंदच झालं. कधी नव्हती तिथं उपळ फुटली. दारं-खिडक्या चौकटीत अडकायला लागल्या. झाडं, खांब कलले, घराच्या वरच्या अंगाला जमिनीला भेग गेली. यातलं काहीही झडीत दिसलं तर गुरं सोडा, माणसं घेऊन बाहेर पडा, शेजाऱ्याला हाक मारा. सकाळची वाट बघू नका.